लघुग्रहावरचं प्लॅटिनम : ग्रॅमला पडतं किती?

‘१६ सायकी’ या लघुग्रहाची किंमत दहा हजार क्वाड्रिलियन डॉलर आहे, हा आकडा तुमच्याही मोबाइलवर कधीतरी येऊन गेला असेल. एकावर एकोणीस शून्यं. सगळ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ लाखपट. नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांचा हा गुणाकार. सायकी खरोखर धातूचा असेल, तर त्यातलं लोखंड आजच्या बाजारभावाने केवढ्याचं होईल, एवढंच त्यांनी मांडलं होतं. तो धातू पृथ्वीवर आणण्याची सोय आपल्याकडे नाही आणि आणला तर बाजारच कोसळेल, हेही त्यांनीच सांगितलं. आकडा जगभर फिरला, इशारा मागे राहिला.

एरवी याकडे दुर्लक्ष करता आलं असतं. पण ‘अवकाशातल्या खाणीत पैसे गुंतवा’ असे व्हिडिओ, टोकन आणि योजना आता मराठी माणसाच्या फोनवरही पोहोचतात. म्हणून हे मार्गदर्शन. सराफाच्या दुकानात आपण नुसता भाव विचारून थांबत नाही. टंच, घट, मजुरी आणि कर धरून वस्तू हातात पडेपर्यंत किती द्यावे लागतील ते विचारतो. लघुग्रहावरच्या धातूलाही हाच प्रश्न विचारायचा आहे. तिथे किती आहे, हे नंतर. हातात येईपर्यंत ग्रॅमला किती पडेल, हे आधी.

पुढचे हिशेब १ डॉलर म्हणजे ८५ रुपये आणि प्लॅटिनमचा भाव ग्रॅमला ५० डॉलर, म्हणजे ४,२५० रुपये, असं धरून केले आहेत. भाव रोज हलतात. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून पुन्हा गुणाकार करा. भाव दुपटीने किंवा तिपटीने वाढलेला असला, तरी निष्कर्ष तोच राहतो.

आजवर आलेला माल

लघुग्रहावरून माल आणण्याचं काम माणसाने आतापर्यंत तीनदा केलं आहे. जपानचं हायाबुसा यान मे २००३ मध्ये निघालं, इतोकावा या लघुग्रहाला भेटलं आणि जून २०१० मध्ये त्याची कुपी ऑस्ट्रेलियात उतरली. आत सुमारे दीड हजार सूक्ष्म कण होते. सगळे मिळून एक मिलिग्रॅमही भरले नाहीत. पुढचं हायाबुसा-२ डिसेंबर २०१४ मध्ये गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये रयुगूवरून ५.४ ग्रॅम माती घेऊन आलं. नासाचं ओसायरिस-रेक्स सप्टेंबर २०१६ मध्ये निघालं, ऑक्टोबर २०२० मध्ये बेन्नूला शिवलं आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी त्याची कुपी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात उतरली. तिच्यात १२१.६ ग्रॅम माल निघाला.

ओसायरिस-रेक्सचा सगळा खर्च सुमारे ११६ कोटी डॉलर. भागाकार केला, तर ग्रॅमला साधारण ९५ लाख डॉलर पडतात. म्हणजे एका ग्रॅमला सुमारे ८१ कोटी रुपये.

आणि हे प्लॅटिनमचे नव्हेत, मातीचे. बेन्नू हा कार्बनयुक्त लघुग्रह आहे. त्या जातीच्या दगडात टनाला साधारण एक ग्रॅम प्लॅटिनम असतं. त्या मानाने १२१.६ ग्रॅम मातीतलं प्लॅटिनम भरतं एका मिलिग्रॅमचा आठवा हिस्सा. आपण धरलेल्या भावाने त्याची किंमत होते सुमारे ५० पैसे. ज्या शास्त्रज्ञांनी ती माती आणली त्यांना पैसे मिळवायचेच नव्हते. सूर्यमाला जन्मली तेव्हाची रसायनं तपासायची होती, आणि त्या कामासाठी तो खर्च वाजवी होता, असं माझं ठाम मत आहे. पण ‘नासाने लघुग्रहावरून माल आणला, आता खाणकाम सुरू होणार’ असं कोणी म्हणत असेल, तर हे पन्नास पैसे त्याच्यापुढे ठेवावेत.

आपल्या इस्रोचाही एक आकडा हाताशी आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ मोहिमेला २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. चंद्रावरून सुमारे तीन किलो माती आणायचा बेत आहे. ग्रॅमला पडतात साधारण सत्तर लाख रुपये. अमेरिकेच्या मानाने हे कितीतरी स्वस्त आहे आणि चंद्र जवळही आहे. तरी ग्रॅमला सत्तर लाख.

मग लोखंडी लघुग्रह?

जाणकार इथे म्हणेल की बेन्नू हे उदाहरणच चुकीचं, धातूचा लघुग्रह धरा. बरोबर आहे, तोच धरू.

पृथ्वी वितळलेली होती तेव्हा जड धातू लोखंडाबरोबर खाली गाभ्यात उतरले. सोनं, प्लॅटिनम, इरिडियम हे लोखंडाशी सलगी करणारे धातू. म्हणून वरच्या कवचात ते इतके दुर्मीळ. काही लघुग्रहांचंही असंच झालं, पण पुढे टकरींत त्यांचं बाहेरचं कवच उडालं आणि गाभ्याचे तुकडे उघडे पडले. त्या तुकड्यांपैकी जे पृथ्वीवर पडतात ते लोखंडी अशनी. त्यांच्यात प्लॅटिनम गटाचे धातू टनाला काही ग्रॅमपासून शंभर ग्रॅमच्या आसपास सापडतात, क्वचित त्याहून जास्त. सोनं मात्र टनाला एक-दोन ग्रॅमच्या घरात. ‘सोन्याचा लघुग्रह’ हा शब्दप्रयोग बातमीदारांचा आहे. निसर्गात तसा दगड आढळलेला नाही.

जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या खाणींतून येतं. तिथल्या खनिजात हे धातू टनाला साधारण तीन ते सहा ग्रॅम असतात. म्हणजे चांगला लोखंडी लघुग्रह बुशवेल्डपेक्षा वीसपट श्रीमंत असू शकतो. पण खाण चालते की बंद पडते, हे फक्त श्रीमंतीवर ठरत नाही. टनामागे निघतं किती आणि टनामागे खर्च किती, या दोन आकड्यांतल्या फरकावर ते ठरतं. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. खाली सोनं शिल्लक होतं. वर आणण्याचा खर्च मिळणाऱ्या सोन्याच्या किमतीहून जास्त झाला होता.

आता लघुग्रहाचा हिशेब. कॅलिफोर्नियातल्या केक इन्स्टिट्यूटमध्ये २०१२ साली तज्ज्ञांनी एक अभ्यास केला. सुमारे सात मीटर रुंदीचा, ५०० टनांचा छोटा लघुग्रह पिशवीत बांधून चंद्राजवळ ओढून आणायला २६० कोटी डॉलर लागतील, असा त्यांचा अंदाज. त्यावरून नासाने एक मोहीम आखायलाही घेतली होती, ती २०१७ मध्ये रद्द झाली. त्या अभ्यासात लघुग्रह कार्बनयुक्त धरला होता. आपण उदार होऊन तो लोखंडी, आणि तोही टनाला शंभर ग्रॅमवाला धरू. ५०० टनांत ५० किलो प्लॅटिनम गटाचे धातू. ग्रॅमला ५० डॉलरने किंमत २५ लाख डॉलर. खर्च २६० कोटी, माल २५ लाखांचा. हजारपट तफावत. आणि एवढं करून माल चंद्राजवळच आहे. तो गाळायचा आणि खाली आणायचा खर्च अजून धरलेलाच नाही.

बिलातल्या ओळी

कुठलीही योजना समोर आली की तिच्या खर्चाच्या ओळी सुट्या करून मागाव्यात. सगळ्यात पहिली ओळ शोधाची. दुर्बिणीतून प्लॅटिनम दिसत नाही. परावर्तित प्रकाशावरून लघुग्रह ‘धातूचा असावा’ एवढंच कळतं, रडारने थोडी खात्री वाढते. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्यांपैकी १९८६ डीए हा अडीच-तीन किलोमीटरचा लघुग्रह रडारवर धातूचा दिसतो; असे फारच थोडे. हार्वर्डचे मार्टिन एल्विस यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं, की प्लॅटिनम गटासाठी खणण्याजोगे, यान पोहोचेल असे, शंभर मीटरहून मोठे लघुग्रह पृथ्वीजवळ साधारण दहाच असावेत. एकूण हजारो, त्यातले दहा. आणि ते नेमके कोणते, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही.

जवळ जाऊन पाहण्याचा खर्च किती, हेही ठाऊक आहे. सायकी यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालं. ऑगस्ट २०२९ मध्ये ते लघुग्रहाजवळ पोहोचायचं आहे. खर्च सुमारे १२० कोटी डॉलर, आणि हे फक्त भोवती फिरून पाहण्याचे. सायकीची घनता पाण्याच्या चौपट आहे. निखळ लोखंडाची जवळपास आठपट असते. म्हणजे ज्याला धातूचा गोळा म्हणून मिरवलं, त्यात दगडही भरपूर असावा किंवा पोकळ्या असाव्यात.

स्वस्त वाटही कोणी चाचपून पाहत आहे. अ‍ॅस्ट्रोफोर्ज या अमेरिकी कंपनीने ओडिन नावाचं छोटं यान काही दशलक्ष डॉलरांत बांधलं आणि २६ फेब्रुवारी २०२५ रोजी दुसऱ्या मोहिमेच्या रॉकेटवर जागा घेऊन पाठवलं. २०२२ ओबी५ या लघुग्रहाजवळून जाऊन छायाचित्रं काढायची होती. उड्डाणानंतर लवकरच त्याच्याशी संपर्क तुटला. मला हा प्रयत्न मोलाचा वाटतो. नासाच्या खर्चाच्या शंभराव्या हिश्शात खोल अवकाशात जायचं धाडस कोणीतरी करायलाच हवं. पण गुंतवणूकदाराने त्यातून घ्यायची माहिती अशी, की सगळ्यात पुढे असलेली खासगी कंपनी अजून छायाचित्राच्या टप्प्यावर आहे.

दुसरी ओळ उड्डाणाची. ‘रॉकेट स्वस्त झाली, आता खाणकाम परवडेल’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. रॉकेट स्वस्त झाली हे खरं. फाल्कन-९ चं उड्डाण साधारण सात कोटी डॉलरांना मिळतं, आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत एक किलो न्यायला तीन-चार हजार डॉलर पडतात. पण ओसायरिस-रेक्सचं बिल पुन्हा उघडा. ११६ कोटींपैकी प्रक्षेपणाचे साधारण १८ कोटी. रॉकेट फुकट मिळालं असतं तरी ८४ टक्के खर्च जिथल्या तिथे राहिला असता. यान बांधणं, सात वर्षं ते चालवणारी माणसं, खोल अवकाशातल्या संपर्काच्या मोठ्या तबकड्या, चाचण्या, हा खरा खर्च आहे, आणि तो रॉकेटच्या दराने उतरत नाही.

तिसरी ओळ खणण्याची. या ओळीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जाहिरातीतल्या चित्रांत सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते. चित्रात यंत्र लघुग्रहावर उभं असतं आणि जमीन पोखरत असतं. बेन्नू जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद आहे. तिथलं गुरुत्व इतकं क्षीण, की सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने वर फेकलेला खडा परत येत नाही. पृथ्वीवर ड्रिल दगडात घुसतं, कारण यंत्राचं वजन त्याला दाबून धरतं. तिथे वजनच नाही. ड्रिल फिरवलं तर यानच उलटं फिरेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये युरोपचं फिले यान धूमकेतूवर उतरलं, स्वतःला रोवून घेणारे त्याचे भाले सुटलेच नाहीत आणि ते उसळत दूर जाऊन पडलं. मंगळावर तर चांगलं गुरुत्व आहे. तिथे इन्साइट यानाचा पाच मीटर खोल जाणारा ठोक-खिळा दोन वर्षं ठोकूनही जेमतेम मातीत रुतला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला.

बेन्नूवर याच्या उलट घडलं. खडक कडक लागेल असं वाटत होतं, पण यानाचा हात टेकताच तो अर्धा मीटर आत गेला. लघुग्रह म्हणजे एकसंध शिळा नव्हती, सैल पडलेला ढिगारा होता. माल इतका भरला की झाकण पूर्ण मिटेना आणि थोडा अवकाशात सांडला. कुपी पृथ्वीवर आल्यावरही मालाच्या डब्याचे ३५ पैकी दोन स्क्रू निघेनात; नवी अवजारं बनवून ते काढेपर्यंत जानेवारी २०२४ उजाडला. पृथ्वीवर, सुसज्ज प्रयोगशाळेत, जगातल्या उत्तम तंत्रज्ञांच्या हातून दोन स्क्रूंना साडेतीन महिने लागले. हेच लघुग्रहावर झालं असतं तर दुरुस्तीला कोणी गेलं नसतं.

चौथी ओळ गाळण्याची. प्लॅटिनम लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत विरघळलेलं असतं, त्याच्या वेगळ्या शिरा नसतात. बुशवेल्डचं खनिज दळून, फेसावरून निथळून, भट्टीत वितळवून, मग आम्लांत विरघळवून धातू वेगळे काढायला आठवडे, कधी महिने लागतात. या प्रत्येक पायरीला पाणी, वीज, माणसं आणि गुरुत्व लागतं. अवकाशात यातलं एकही तयार नाही. लोखंड-निकेलची कार्बन मोनॉक्साइडशी वाफ करून प्लॅटिनम मागे ठेवायची एक रासायनिक वाट कागदावर आहे, आणि पृथ्वीवर निकेलसाठी ती शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे. लघुग्रहावर ती कोणी चालवून पाहिलेली नाही.

या ओळीत एक हिशेब लपलेला आहे. तो प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. टनाला शंभर ग्रॅम, म्हणजे एक किलो धातूसाठी दहा टन दगड. एक किलोची किंमत ५०,००० डॉलर. म्हणजे शोध, उड्डाण, खणणं, गाळणं, परत आणणं, व्याज हे सगळं मिळून किलोभर दगडामागे ५ डॉलरमध्ये, म्हणजे ४२५ रुपयांत, बसायला हवं. तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. यंत्राचा एक किलो पृथ्वीजवळच्या कक्षेत न्यायलाच तीन-चार हजार डॉलर. तेवढेच वसूल व्हायचे तर यंत्राने स्वतःच्या वजनाच्या सहाशे ते आठशे पट दगड गाळायला हवा. न बिघडता आणि माणसाचा हात न लागता.

परत आणण्याची ओळ छोटी आहे पण जड आहे. ओसायरिस-रेक्सची कुपी सुमारे ४६ किलोची होती आणि तिच्यात माल होता १२१ ग्रॅम. वातावरणात ती तासाला ४४,००० किलोमीटरच्या वेगाने शिरली. उष्णतारोधक कवच आणि पॅराशूट हा खर्च टाळता येत नाही. मोठ्या कुप्यांत हे प्रमाण सुधारेल, नाहीसं होणार नाही.

आणि शेवटी व्याज. ही ओळ जवळजवळ कोणत्याही जाहिरातीत नसते. आज घातलेला पैसा दहा वर्षांनी परत येणार असेल आणि तुम्ही बारा टक्के परतावा धरत असाल, तर रुपयाचे तीन रुपये दहा पैसे व्हायला हवेत. म्हणजे धातू खर्चाच्या दीडपट किमतीला विकला गेला तरी तुमचा तोटाच.

माल आला, आता विकायचा कुठे?

समजा सगळं जमलं. जगातल्या खाणींतून वर्षाला साधारण १७० ते १८० टन प्लॅटिनम निघतं. इरिडियम तर सात-आठ टनच. एका लघुग्रहावरून शंभर टन प्लॅटिनम आलं, तर आजचा भाव टिकेल असं कोणताही व्यापारी म्हणणार नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बसवला, कारण तो तेव्हा चांदीच्या तोडीचा महाग धातू होता. दोनच वर्षांनी तो विजेने वेगळा करण्याची रीत सापडली आणि भाव घसरत गेला. जगाचं भलं झालं. आधी साठा करून बसलेल्यांचं नाही. जे धातूच्या प्रचंड प्रमाणाची बढाई मारतात आणि भाव मात्र आजचाच धरतात, त्यांचा हिशेब इथेच फसतो.

लघुग्रहावरचा पहिला फायद्याचा माल प्लॅटिनम नसून पाणी असेल, असं या क्षेत्रातले बरेच जण मानतात. कार्बनयुक्त लघुग्रहांतल्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. ते फोडून इंधन करायचं आणि अवकाशातच यानांना विकायचं. तिथे ते पृथ्वीवरून नेलेल्या इंधनाशी स्पर्धा करेल, म्हणून महाग असूनही चालेल. कल्पना पटण्यासारखी आहे. फक्त, त्या पाण्याला आज गिऱ्हाईक नाही.

कायदा काय म्हणतो

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणताही देश लघुग्रहावर मालकी सांगू शकत नाही. खणून काढलेला माल कोणाचा, यावर अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये, पुढे अमिराती आणि जपानने आपापले कायदे केले: माल काढेल त्याचा. भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणातही खासगी संस्थांना लघुग्रहावरची संसाधनं काढायला, बाळगायला, वापरायला आणि विकायला मुभा आहे. परवानगी इन-स्पेस या संस्थेची घ्यावी लागते. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने, अवकाशातली संसाधनं काढायला हरकत नाही असं मानणाऱ्या आर्टेमिस करारावर सही केली. तेव्हा ‘हे बेकायदेशीर आहे’ असं म्हणता येणार नाही. पण लघुग्रहाचा सातबारा कोणाच्याच नावावर होऊ शकत नाही. ‘लघुग्रहावरचा प्लॉट’ किंवा ‘अमुक लघुग्रहाचा एक हिस्सा’ विकणारा, जगातल्या कोणत्याही देशाचा कागद दाखवला तरी, नसलेली वस्तू विकतो आहे.

पैसे मागायला कोणी आलं तर

आधी पूर्वीच्यांचं काय झालं ते पाहा. प्लॅनेटरी रिसोर्सेस ही या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली कंपनी. २०१२ मध्ये तिने घोषणा केली तेव्हा तिच्यामागे गूगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट होते. २०१३ मध्ये तिने सामान्य लोकांकडून एका अवकाश दुर्बिणीसाठी सुमारे १५ लाख डॉलर जमवले. २०१६ मध्ये तो प्रकल्प सोडून पैसे परत केले. लक्झेंबर्ग सरकारने तिचे १.२ कोटी युरोचे समभाग घेतले होते. २०१८ मध्ये कंपनी एका ब्लॉकचेन कंपनीच्या हाती गेली आणि सरकारचे ते पैसे बुडाले. दुसरी मोठी कंपनी, डीप स्पेस इंडस्ट्रीज, २०१९ च्या सुरुवातीला विकली गेली. ही प्रामाणिक माणसं होती, हुशार होती, ओळखी आणि भांडवल त्यांच्याकडे होतं. तरी एक ग्रॅम धातू आला नाही. अब्जाधीशांना आणि एका श्रीमंत देशाच्या सरकारला जे जमलं नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवरचा एजंट तुम्हाला महिना पाच टक्क्यांनी देतो म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

त्याला लेखी विचारा: कोणता लघुग्रह, त्याचा क्रमांक काय, त्यावर धातू आहे हे कोणत्या निरीक्षणावरून? यान कुठे बांधलं जातंय, उड्डाणाचा करार कोणाशी? परवाना कोणत्या देशाचा? मला मिळणार ते समभाग, कर्जरोखा की नुसतं टोकन? कंपनी बुडाली तर माझा दावा कशावर? पहिल्या दोन प्रश्नांतच बहुतेक संभाषणं संपतात. भारतात लोकांकडून पैसे गोळा करणारी योजना सेबीकडे नोंदलेली आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. परदेशातल्या खऱ्याखुऱ्या कंपनीत पैसे घालायचेच असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि ते बँकेमार्फतच जायला हवेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा क्रिप्टो वॉलेटमध्ये नव्हेत. पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला आणि मुलांच्या शिक्षणाला धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम घाला.

याच धातूंच्या नावावर आपल्याकडे एक जुना धंदा चालतो, आणि त्यावर बोलताना मला राग आवरत नाही. तांदूळ ओढून घेणारं तांब्या-इरिडियमचं भांडं, ‘राइस पुलर’. वीज पडून त्यात शक्ती आली, नासा किंवा डीआरडीओ ते कोट्यवधींना घेणार, असं सांगायचं. मग तपासणीचे, रसायनांचे, किरणोत्सर्गापासून वाचवणाऱ्या पोशाखाचे पैसे एकेक करून काढायचे. निवृत्तीचा पैसा आणि विकलेली जमीन यात गेलेली कुटुंबं आहेत. इरिडियम खरोखरच अवकाशाशी नातं सांगणारा धातू आहे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी खडकातल्या पातळ थरात ते जास्त सापडलं म्हणून डायनोसॉरच्या काळातल्या प्रचंड आघाताची कल्पना मांडली. पण इरिडियम तांदूळ ओढत नाही आणि कोणतीही सरकारी संस्था अशी भांडी विकत घेत नाही. ‘अशनीचा तुकडा’ म्हणून लाखोंना विकायला येणाऱ्या दगडांबाबतही तीच सावधगिरी बाळगा. देशात पडलेल्या अशनींचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. तुकडा खरा वाटला तर तिकडे कळवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम थोपवता येण्याची शक्यता जास्त असते. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५.

या धातूंसाठी खरंच काही करायचं असेल तर

एक टन जुन्या मोबाइल हँडसेटमध्ये दोन-तीनशे ग्रॅम सोनं निघतं. लोखंडी लघुग्रहाच्या टनभर तुकड्यात एक-दोन ग्रॅम. गाडीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये काही ग्रॅम प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं, आणि भंगारवाला ते कवडीमोलाने नेतो. कपाटातले बंद फोन नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. जुनी गाडी मोडीत काढताना कन्व्हर्टरचा वेगळा भाव विचारा. उघड्यावर आम्लात सर्किट जाळून सोनं काढणाऱ्यांकडे तो माल जाऊ देऊ नका. तिथल्या पोरांची फुप्फुसं त्याची किंमत मोजतात.

आणि घरात आठवी-नववीतलं पोर लघुग्रहांनी झपाटलेलं असेल, तर त्याला गुंतवणुकीच्या व्हिडिओपेक्षा चांगलं काही देता येतं. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन ही संस्था शाळांसाठी लघुग्रह शोधण्याच्या मोहिमा चालवते. हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची ताजी छायाचित्रं पाठवली जातात, अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरवर ती एकामागून एक लावून सरकणारा ठिपका शोधायचा असतो. भारतातल्या अनेक शालेय गटांच्या नावावर असे प्राथमिक शोध नोंदले गेले आहेत. विंडोजवर चालणारा साधा संगणक, इंटरनेट, एक उत्साही शिक्षक आणि काही आठवड्यांचा वेळ लागतो. नोंदणीला शुल्क नाही.